‘स्वयंसेवक पाहिजेत’ : त्रासदायक अनुभव, आभासी जग आणि विद्यार्थ्याचं ‘नाही’



बारावी झाली की मुलं बाहेरगावी जातात. कोणी पुण्याला, कोणी मुंबईला, आणि आता तालुक्यातली एखादी मुलगी लंडनलासुद्धा. परदेशातल्या विद्यापीठांत सूचनाफलकावर एक प्रकारचा कागद नेहमी दिसतो. ‘संशोधनासाठी स्वयंसेवक पाहिजेत. वय १८ पूर्ण. एक तास. मानधन मिळेल.’ खाली फाडून न्यायच्या चिठ्ठ्या. आता हे ई-मेलवर आणि व्हॉट्सॲपवरही येतं. बहुतेक वेळा काम साधं असतं, शब्द पाठ करा, प्रश्नावली भरा, एवढंच. पण काही संशोधनात डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून मुद्दाम त्रास होईल असा प्रसंग दाखवतात. भांडण, मारहाण, खोल दरी, कुणाचं तरी विव्हळणं.

हे चांगलं की वाईट, असं एका शब्दात मी सांगणार नाही. पण अशा कामासाठी विद्यार्थ्यांना बोलवायचं कसं, हा प्रश्न तिथल्या प्राध्यापकांचा जितका आहे तितकाच आपल्यासारख्या प्राथमिकच्या शिक्षकांचाही आहे असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच.

आधी व्हीआर म्हणजे काय ते पाहू

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, आपल्या भाषेत आभासी वास्तव. मॉलमध्ये मुलं खुर्चीत बसून, चष्मा लावून रोलर कोस्टरचा अनुभव घेतात आणि किंचाळतात, तेच. सिनेमा आपण समोर बघतो. इथे मान वळवली की दृश्यही वळतं, खाली वाकलं की जमीन जवळ येते. त्यामुळे आपण ‘तिथे आहोत’ असं वाटतं. खोटं आहे हे डोक्याला माहीत असतं, पण पायांना माहीत नसतं!

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात याचा एक प्रसिद्ध प्रयोग झाला. चष्म्यात एक खोली दिसते, तिच्या मधोमध सुमारे २० फूट खोल खड्डा आणि कडेला अरुंद फळी. प्रत्यक्षात पायाखाली दीड इंच उंचीची लाकडी फळी ठेवलेली, बस्स. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले. २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थोडक्यात, आभासी प्रसंगात शरीर खरोखर घाबरतं, आणि म्हणूनच संशोधकांना या यंत्राचा उपयोग वाटतो.

उपयोग खरोखरच आहे. १९९५ साली अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीची भीती असलेल्या २० कॉलेज विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. काहींना आभासी पूल, गच्ची, काचेची लिफ्ट असं टप्प्याटप्प्यानं दाखवलं, उरलेल्यांना थांबायला सांगितलं. ज्यांनी तो आभासी सराव केला त्यांची भीती बरीच कमी झाली. पुढे युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक आघातावरच्या उपचारांतही हेच तंत्र वापरलं गेलं. म्हणजे ‘मुलांना घाबरवतात’ एवढं म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

मिलग्रॅमची जाहिरात

आता जरा मागे जाऊ. डी.एड.च्या शैक्षणिक मानसशास्त्रात आपण थॉर्नडाइकची मांजर, पावलोवचा कुत्रा आणि स्किनरचा उंदीर शिकलो. (त्या बिचाऱ्यांना कुणी संमतिपत्र दिलं नव्हतं.) स्टॅनले मिलग्रॅम मात्र आपल्या अभ्यासक्रमात फारसा आला नाही. खरं तर शिक्षकानं तो वाचायलाच हवा, कारण त्याच्या प्रयोगात सहभागी माणसाला दिलेली भूमिकाच ‘शिक्षक’ अशी होती.

१९६१ साल, अमेरिकेतलं न्यू हेवन शहर, येल विद्यापीठ. वर्तमानपत्रात जाहिरात आली की स्मरणशक्ती आणि शिकणं यांच्या अभ्यासासाठी ५०० पुरुष पाहिजेत, एका तासाचे ४ डॉलर आणि वर गाडीभाड्याचे ५० सेंट. कामगार, कारकून, न्हावी, विक्रेते सगळे चालतील, पण शाळा-कॉलेजचे विद्यार्थी नकोत असं त्या जाहिरातीत स्पष्ट होतं.

आलेल्या माणसाला ‘शिक्षक’ केलं जाई. पलीकडच्या खोलीत ‘विद्यार्थी’. त्याचं उत्तर चुकलं की शिक्षकानं विजेचा धक्का द्यायचा, दर चुकीला आधीपेक्षा मोठा. १५ व्होल्टपासून ४५० व्होल्टपर्यंत ३० बटणं. विद्यार्थी म्हणजे ठरवून बसवलेला माणूस होता, धक्का खोटा होता. पण बटण दाबणाऱ्याला तो खरा वाटत होता. तो थांबू लागला की शेजारचा संशोधक शांतपणे सांगे की पुढे चला, प्रयोगासाठी ते गरजेचं आहे, तुम्हाला दुसरा पर्याय नाही. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधात ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेल्याची नोंद आहे. घाम, थरथर, काहींना विचित्र हसू, हे सगळं झालं, तरी गेले.

लोक ‘माणूस किती आज्ञाधारक’ एवढंच लक्षात ठेवतात. मी मात्र जाहिरातीपाशीच थांबते. ‘स्मरणशक्तीचा अभ्यास’ असं सांगून बोलावलं होतं. पैसे मात्र नुसते आल्याबद्दल आहेत, पुढे काहीही झालं तरी तुमचेच, असंही सांगितलं होतं. म्हणजे एका बाबतीत प्रामाणिक आणि दुसऱ्या बाबतीत साफ खोटं. १९६४ साली डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर कडक टीका केली. विश्वासानं आलेल्या माणसाला असं वागवणं योग्य आहे का, असा त्यांचा सवाल. हा प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करायला आज कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही.

तोच प्रसंग, पण आभासी

मग २००६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. धक्का खायला खरा माणूस नाही आणि नटही नाही. संगणकानं तयार केलेली एक स्त्री. भिंतींवर दृश्य उमटतं अशा खास खोलीत सहभागी व्यक्ती बसायची, समोर ती आभासी बाई शब्दांच्या जोड्या सांगायची, चुकली की बटण. ती चित्र आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीच फसलेलं नव्हतं.

एकूण ३४ जण होते. त्यांना विद्यापीठाच्या आवारातच जाहिरात आणि ई-मेल करून बोलावलं होतं. २३ जणांना ती दिसत होती, ऐकू येत होती. ११ जणांशी तिचा संबंध फक्त लिखित मजकुरातून. आणि काय झालं? ज्यांना ती दिसत होती त्यांची धडधड वाढली. काही जण योग्य शब्दावर मुद्दाम जोर देऊन वाचायला लागले, म्हणजे तिला उत्तर कळावं. (परीक्षेत आपणही कधीतरी असा जोर दिलेला पाहिलाय, नाही का?) त्या २३ पैकी १७ जणांनी सगळे २० धक्के दिले, बाकीच्यांनी त्याआधीच थांबवलं.

फरक बघा. कधीही, कारण न देता उठून जाता येईल, हे इथे आधीच सांगितलेलं होतं. कुणी मध्येच विचारलं तर संशोधक म्हणे की प्रयोगाच्या दृष्टीनं पुढे गेलेलं बरं, पण तुम्ही हवं तेव्हा थांबू शकता. मिलग्रॅमच्या ‘दुसरा पर्याय नाही’च्या जागी हे वाक्य आलं. या दोन प्रयोगांच्या मध्ये सुमारे पंचेचाळीस वर्षं गेली.

तरीही १७ जण शेवटपर्यंत गेले. समोर चित्र आहे म्हणून गेले असतील, पाहुण्यासारखं मध्येच उठणं बरं दिसत नाही म्हणून गेले असतील. आपल्याकडे जेवणाच्या पंगतीत ‘आता पुरे’ म्हणायला लोक लाजतात, तर विद्यापीठाच्या खोलीत, अंगाला तारा लावलेल्या असताना, विशीतलं पोर ‘मला थांबायचंय’ म्हणेलच अशी खात्री कशी द्यायची? ‘कधीही थांबता येईल’ हे कागदावर छापलं म्हणजे थांबता येतंच असं नाही.

बोलावणं कसं लिहायचं?

इथे खरी अडचण सुरू होते. सगळं आधी सांगितलं तर माणूस तयारीनं येतो आणि त्याची सहज प्रतिक्रिया मिळत नाही. काहीच सांगितलं नाही तर त्याच्या ‘हो’ला अर्थ उरत नाही. मधला मार्ग असा की संशोधकाला नेमकं काय तपासायचंय ते झाकून ठेवलं तरी चालेल, पण अनुभव कोणत्या जातीचा आहे ते झाकायचं नाही. ‘यात हिंसेचा प्रसंग दिसेल, तो पाहताना त्रास होऊ शकतो’ एवढं स्पष्ट हवं. राहिलेलं प्रयोग संपल्यावर, निवांत बसून, पूर्ण सांगायचं.

स्लेटर यांच्याच गटाचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच जातीच्या प्रसंगाचा आहे. आभासी पबमध्ये एक माणूस दुसऱ्याशी वाद घालतो आणि अंगावर जातो. बघणारा मध्ये पडतो का? ४० पुरुष निवडले, सगळे आर्सेनल या फुटबॉल संघाचे चाहते. मार खाणाऱ्याच्या अंगात आर्सेनलचा शर्ट असला तर मध्ये पडण्याचे प्रयत्न जास्त झाले. ‘आपला’ माणूस म्हटला की माणूस धावतो. खऱ्या पबमध्ये असं भांडण लावून बघणं किती धोक्याचं झालं असतं! अशा ठिकाणी आभासी वास्तवाला दुसरा पर्याय नाही हे मान्य करावंच लागतं.

आता जाहिरातीतल्या शब्दांची ताकद बघा. १९७१ साली स्टॅनफर्डमध्ये झिम्बार्डो यांनी खोटा तुरुंग उभारून विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी केलं होतं. दिवसाला १५ डॉलर. दोन आठवडे चालायचा तो प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला. २००७ साली थॉमस कार्नाहन आणि सॅम मॅकफार्लंड यांनी एक साधी गोष्ट तपासली. दोन जाहिराती छापल्या. एकीत ‘तुरुंगातील जीवनाचा मानसशास्त्रीय अभ्यास’, दुसरीत फक्त ‘मानसशास्त्रीय अभ्यास’. बाकी मजकूर सारखा. ‘तुरुंग’ शब्द वाचून आलेली मुलं आक्रमकपणा, हुकूमत गाजवण्याची वृत्ती अशा गोष्टींत जास्त निघाली, सहानुभूतीत कमी. म्हणजे प्रयोग सुरू होण्याआधी, जाहिरातीतच निवड झालेली असते.

आपल्या विषयाला हे लावून पाहा. ‘थरारक व्हीआर अनुभव घ्या!’ असं लिहिलं तर धाडसी पोरं येतील. ‘मानसिक त्रास होऊ शकतो’ लिहिलं तर हळवी मुलं मागे राहतील, आणि कदाचित अशीही काही येतील ज्यांच्यावर तसा प्रसंग गुदरलेला आहे आणि ज्यांना तो पुन्हा पाहायचाय. या शेवटच्यांची काळजी सगळ्यात जास्त घ्यायला हवी. पण त्यांना ‘तुमच्यावर असं काही झालंय का?’ असं तोंडावर विचारणं म्हणजे जखमेला हात लावणं. म्हणून मला वाटतं, यादी द्यावी. फेफरं, हृदयविकार, गरोदरपण, घाबरण्याचे झटके, पूर्वी हिंसा किंवा अपघात अनुभवलेला असणं, यांपैकी काहीही लागू असेल तर कृपया येऊ नका, कोणतं लागू आहे ते आम्हाला सांगायचीही गरज नाही. माणसाची लाज राखून दार बंद करता येतं.

बोलावतंय कोण?

मजकुराइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, महत्त्वाचं हे आहे की बोलावतंय कोण. विद्यार्थ्याला गुण देणारे सरच ‘माझ्या प्रयोगाला येणार ना?’ म्हणाले तर तो स्वयंसेवक राहिला का? अमेरिकेत मानसशास्त्राच्या वर्गात प्रयोगात भाग घेतल्याचे गुण मिळतात. तिथल्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नियमावलीत असं आहे की गुण देणार असाल तर भाग न घेणाऱ्यालाही तेवढेच गुण मिळवून देणारं दुसरं काम उपलब्ध हवं. तेही न्याय्य हवं. एका तासाच्या प्रयोगाऐवजी वीस पानी निबंध दिला तर ती शिक्षाच झाली.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत विद्यार्थ्यांचा उल्लेख असुरक्षित गटात येतो, कारण ते कुणाच्या तरी हाताखाली असतात आणि मोकळेपणानं नकार देणं त्यांना अवघड जातं. लहान मुलांबाबत त्यात आणखी आहे. पालकांची संमती तर हवीच, शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वयाच्या मुलाचा लेखी होकार. सात वर्षांचं मूल म्हणजे आपली दुसरीतली पोरं! त्यांनाही विचारायचं आहे.

आता आपल्या शाळेकडे या. एम.एड. किंवा पीएच.डी.चे संशोधक चाचण्या घेऊन शाळेत येतात. मुख्याध्यापकांचं पत्र असतं. शाळांमध्ये काय होतं? ‘पाचवीचा वर्ग घ्या सर, ३२ आहेत.’ झालं. पट मोजून मुलं बसवली जातात. चाचणी बहुधा निरुपद्रवी असते, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण ‘बाईंनी सांगितलं म्हणजे बसायचं’ हा धडा मुलं तिथे गिरवतात, आणि तोच धडा पुढे लंडनच्या सूचनाफलकासमोर त्यांच्याबरोबर उभा असतो.

लहान मुलं आणि हेडसेट

एक गोष्ट खास पालकांसाठी. २००९ साली स्टॅनफर्डच्या सेगोव्हिया आणि बेलेन्सन यांनी बालवाडी आणि प्राथमिकच्या मुलांवर अभ्यास केला. मुलांना आभासी जगात आपलीच प्रतिमा समुद्रात ओर्कांबरोबर पोहताना दाखवली. काही दिवसांनी विचारलं, तर प्राथमिकच्या बऱ्याच मुलांना ते खरंच घडलं असं ‘आठवत’ होतं. हा तर आनंदाचा प्रसंग होता, त्यामुळे गंमत वाटते. भीतीचा प्रसंग असता तर? म्हणून त्रासदायक अनुभवांच्या व्हीआर संशोधनात प्राथमिकच्या मुलांना घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मेटा कंपनीनं २०२३ मध्ये आपल्या हेडसेटची वयोमर्यादा पालकांच्या देखरेखीखाली १३ वरून १० वर आणली आहे. म्हणजे हे यंत्र आपल्या चौथी-पाचवीच्या दारात येऊन उभं आहे. मॉलमधला तो भुताचा खेळ दाखवणारा तर वयही विचारत नाही.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

सातवी-आठवीला जाहिरात किंवा सूचना लेखन घेतो तेव्हा हा नमुना वापरून बघा. मजकूर काल्पनिक आहे.

‘स्वयंसेवक पाहिजेत. वय १८ पूर्ण. आभासी वास्तवाचा प्रयोग, एकूण ५० मिनिटं, त्यातली १० मिनिटं हेडसेट. यात दोन माणसांचं जोरदार भांडण दिसेल व ऐकू येईल. पाहताना त्रास, मळमळ किंवा चक्कर येऊ शकते. सोबतच्या यादीतलं काहीही लागू असल्यास येऊ नये, कारण सांगण्याची गरज नाही. डोळे मिटून “बस” म्हटलं की प्रयोग लगेच थांबेल. मधून उठलात तरी मानधन पूर्ण मिळेल. आलात किंवा न आलात, हे तुमच्या शिक्षकांना कळवलं जाणार नाही. प्रयोगानंतर सगळी माहिती देऊ. दुसऱ्या दिवशी एकदा फोन करून विचारपूस करू.’

हा मजकूर फळ्यावर लिहा आणि एकेक वाक्य पुसत जा. ‘मानधन पूर्ण मिळेल’ पुसलं तर काय बदलेल? ‘शिक्षकांना कळवलं जाणार नाही’ पुसलं तर? गटात बोलू द्या. एरवी गप्प बसणारी मुलं या वाक्यावर हमखास बोलतात. मग उलट करा. ‘थरारक’, ‘मोफत’, ‘फक्त हुशार विद्यार्थ्यांसाठी’ असे शब्द घालायला सांगा आणि वाचून कोण येईल ते ओळखायला लावा.

शेवटी जोड्या करा. एकानं संशोधक व्हायचं, दुसऱ्यानं विद्यार्थी. विद्यार्थ्यानं तीन वेगवेगळ्या प्रकारे नकार द्यायचा आणि कारण सांगायचं नाही. संशोधकानं फक्त ‘बरं, हरकत नाही’ एवढंच म्हणायचं. मग भूमिका बदला. एक तासिका पुरत नाही, दोन धरा. पहिल्या फेरीत मुलं हसत सुटतात आणि नकळत कारण देऊन टाकतात, ‘मला घरी काम आहे’, ‘आई रागावेल’. ते होऊ द्या. कारणाशिवाय नकार द्यायला साधारण तिसऱ्या फेरीपासून जमायला लागतं. ‘बरं, हरकत नाही’ म्हणणं मात्र संशोधक झालेल्या मुलांना त्याहून जड जातं, तिथे थोडा जास्त वेळ द्या.